मांजरसुंब्याची सरळ रेघ

शिवकन्येनं लहानपणी लांडगा दगड मारून पळवलाय, तेबी एकटीनं. आता तिशी ओलांडली, अन् तिला भ्या वाटतं ते एका रेघेचं. सरळ, हिरव्या, जराबी न हलणाऱ्या रेघेचं. काँप्युटरच्या पडद्यावर तसली रेघ दिसली की तिच्या हातापायातला जीव जातो. हे असं कावून झालं ते सांगायचं तर आधी तिच्या बापाच्या कुत्र्याचं सांगावं लागतं.

बाप म्हाळूआबा, मेंढरं राखणारा माणूस. त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर भुऱ्या नावाचं कुत्रं होतं. आबांच्या घराण्यातली रीत अशी की राखणीचं कुत्रं एकाच हातचं खाणार. पिल्लू असल्यापासून दुसऱ्या कोणी भाकरीचा तुकडा टाकला की आबा त्याच्या तोंडावर फडकं हाणायचे. चोर विषाचा तुकडा टाकून कुत्रं मारतात अन् मग मेंढरं उचलतात. एकाच हातचं खाणाऱ्याला विष कोण घालणार? रीत बिनतोड वाटायची.

एका वर्षी आबांना फुरसं चावलं. बीडच्या दवाखान्यात लई दिवस गेले. वाड्यावर कडूबाई, म्हणजे शिवकन्येची आई, भुऱ्यापुढं भाकर ठेवायची. भुऱ्या वास घ्यायचा अन् तोंड फिरवायचा. दुधात कुस्करून दिली, तीबी नाही. आबांचं धोतर पुढं टाकून बघितलं, तरी नाही. कुत्रं बरगड्या मोजता येतील एवढं वाळलं, पण वाड्याच्या तोंडाशीच पडून राहिलं. लांडगा आला तवा त्याला उठायची ताकद नव्हती, भुंकायची त्याहून नव्हती. कडूबाई पालात पडून होती. कुत्रं भुंकत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून ती निवांत होती. सकाळी कोकरांच्या जागी नुसती लोकर.

शिवकन्येनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं, अन् मोठेपणी हुबेहूब तेच केलं.

पोरगी शिकली. बीडात काँप्युटरचा कोर्स केला, पुण्याला जाऊन सर्व्हरच्या गार खोल्यांत काम केलं, अन् मग बीडातल्याच एका शेळी-मेंढी पालकांच्या संघात परत आली. संघाचं काम औषधाचं. मेंढरांना एक रोग येतो, डॉक्टर त्याला पीपीआर म्हणतात, जुनी माणसं बुळकांडी. नाकातोंडातून पाणी, मग हगवण, मग कळपच्या कळप आडवा. त्यावर लस आहे, पण ती गार राहिली तरच लस. उबली की नुसतं पाणी. दिसायला तशीच, सुईत तशीच, पण अंगात जाऊन काही करत नाही. मेंढरू मरायला लागल्यावरच माणसाला कळतं.

म्हणून संघानं मांजरसुंबा, युसूफ वडगाव, कडा अशा ठिकाणी गार खोल्या बांधल्या. प्रत्येक खोलीत वीतभर काँप्युटरचा डबा, डब्याला एक तार, तारेच्या टोकाला गारवा मोजणारं बोंड. डब्यात एक प्रोग्राम चोवीस तास जागा असतो, त्याला शिवकन्या पहारेकरी म्हणते. अन् पहारेकऱ्याला त्याचं काम सांगणारी एक फाईल असते. कुठल्या तारेवर मोजायचं, किती अंशांच्या वर गेलं की बोंबलायचं, कोणाला फोन लावायचा, सगळं त्या फाईलीत.

आता एवढ्या ठिकाणी हिंडून हातानं कोण बघणार? म्हणून दुसरं एक यंत्र. बीडच्या हापिसात बसून एकदा लिहायचं, की सगळ्या डब्यांवर ते आपोआप लागू होतं. वर दर थोड्या वेळानं फिरून बघतं, की कोणी हातानं काही बदललंय का. बदललं असलं तर कोणाला न विचारता परत लिहिल्यासारखं करून टाकतं. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, पण हापिसात सगळे त्याला फर्मान म्हणतात. पहाऱ्याची फाईल तेवढी या फर्मानाच्या बाहेर राहिलती, कारण ती प्रत्येक ठिकाणची वेगळी. ती कोणीबी उघडावी, कोणीबी बदलावी, अशीच पडून होती.

अन् ती रामहरीनं बदलली. रामहरी म्हणजे युसूफ वडगावच्या खोलीचा राखणदार. आठ अंशांच्या वर गेलं की फोन, असं होतं तिथं त्यानं अठरा करून ठेवलं. शिवकन्येच्या ध्यानात आलं तवा तिनं त्याला फोन लावला.

"रामहरीभाऊ, आठाचे अठरा कोणी केले?"

"मीच केले. दार उघडलं की फोन, औषध काढलं की फोन. घास तोंडात अन् फोन कानाला. बायको म्हणती, कोण हाय ही शिवकन्या, लईच आठवण काढती तुमची."

"औषध नासलं असतं म्हंजी?"

"नासलं का? न्हाई ना? मग."

तिनं फोन ठेवला अन् तिचं डोकं फिरलं. त्याच दुपारी ती फाईल तिनं फर्मानात घेतली. हुकूम लिहिला की ही फाईल मालकाशिवाय कोणी उघडू नये, वाचू नये, बदलू नये. मालक म्हणजे डब्यातला सगळ्यात वरचा अधिकार, अन् त्या नावानं आत शिरायची किल्ली एकट्या शिवकन्येकडं. एकाच हातचं खाणारं कुत्रं. फर्मान सुटलं, सगळ्या डब्यांवर लागू झालं, अन् तिला लई बरं वाटलं.

पहारेकरी हा काही मालक नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. त्याला जाणूनबुजून लहान चाकराच्या जागी ठेवलेलं, म्हणजे तो बिघडला तरी बाकीचं मोडू नये. आता त्यालाच त्याची फाईल वाचायची इजाजत राहिली नाही. पण लगेच काही झालं नाही, अन् घात झाला तो तिथंच. पहारेकरी फाईल वाचतो ती एकदाच, जागा होताना. वाचलेलं ध्यानात ठेवून तो काम करत राहिला. आकडे हलत राहिले, फोन वाजत राहिले. डबा बंद पडून परत सुरू होईपर्यंत कोणालाच काही कळणार नव्हतं.

आमच्याकडं डबा बंद कधी पडतो? लाईट गेल्यावर. अन् गार खोली उबते कधी? लाईट गेल्यावरच.

लस टोचायच्या शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मांजरसुंब्याला वावटळ सुटली, तारा एकमेकींवर आपटल्या, लाईट गेली. नंतर आली. डबा सुरू झाला, पहारेकऱ्यानं फाईल उघडायला हात घातला, अन् फाईलीनं त्याला दारातूनच परत लावलं. तो आडवा झाला तो झालाच. त्या गावच्या खोलीत त्या रात्री काय झालं, हे जगात कोणालाच माहीत नाही.

सकाळी शिवकन्या हापिसात आली. चहा घेतला, पडदा बघितला. सगळं हिरवं. मांजरसुंबा चार अंश, हिरवं. तिची नजर पुढं गेली अन् मागं आली. बाकीच्या गावांच्या रेघा खालीवर होत होत्या. गारव्याचं मशीन लागतं, बंद होतं, दार उघडतं, रेघ श्वास घेतल्यासारखी हलते. मांजरसुंब्याची रेघ कालच्या संध्याकाळपासून तव्यावर ठेवून शेकल्यासारखी सपाट होती.

नवा आकडा आला नाही तर जुनाच दाखवत राहायचं, अशी त्या पडद्याची सोय कोणीतरी आधीच करून ठेवलेली. म्हणजे हे चार अंश आजचे नव्हते. मेलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ बघून वेळ सांगावी तसं चाललं होतं.

तिनं मांजरसुंब्याच्या राखणदाराला, पप्पूला, फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"पप्पू, खोलीतलं मशीन चालू हाय का?"

"चालूच हाय की ताई."

"रातभर चालू व्हतं?"

"सकाळी आलो तवा बंद व्हतं. बटन दाबलं, लागलं. कावून?"

"किती वेळ बंद व्हतं?"

"ते मला काय म्हाईत? तुमचा फोन आला न्हाई, म्हणून मी बी निवांत झोपलो. एरवी पाल शिंकली तरी फोन येतो तुमचा."

"औषध कुठंय?"

"डॉक्टरबाई घेऊन बसल्या की माळावर. शिबिर न्हाई का आज? तुमच्या आबाचाच कळप पयला हाय."

शिवकन्या हापिसातूनच, काँप्युटरवरून, मांजरसुंब्याच्या डब्यात शिरली. तिथं पहारेकऱ्याच्या नावापुढं एकच ओळ पुन्हा पुन्हा: फाईल वाचायची परवानगी नाही. तिनंच घातलेलं कुलूप. तिनं घाईघाईनं हातानं ती परवानगी दिली, पहारेकऱ्याला उठवलं. आकडा आला, सहा. खोली आता गार होती. पण हे सहा म्हणजे आत्ताचे सहा. रात्रीचं कोण सांगणार? मशीन घटकाभर बंद होतं का पहाटेपर्यंत? खोली दहावर गेलती का तिसावर?

आबांना फोन लावला, उचलला नाही. मेंढराचे पाय धरलेला माणूस फोन कसा उचलणार? डॉक्टर विजयमालांना लावला, तो वाजून वाजून बंद झाला. तिनं स्कूटी काढली.

बीड ते मांजरसुंबा रस्ता तिला पाठ, पण त्या दिवशी घाट संपेना. डोक्यात एकच चाललेलं. सुई टोचलेलं मेंढरू आता राखलेलं धरलं जाणार. आबा त्याला बिनधास्त कडा गावाच्या बाजूला चारायला नेणार, अन् तिकडं बुळकांडी आल्याची खबर कालच आलती. ट्रकांची रांग आली की तिला वाटायचं आपण आता पडणार, अन् पडलो तर हे सांगणारं कोणीच नाही. म्हणून ती हळू चालवायची. हळू चालवली की वाटायचं आणखी एक मेंढरू टोचलं.

शिबिर संघाच्या गार खोलीमागच्याच माळावर होतं. मंडप, माईक, खुर्च्या. संघाचे अध्यक्ष राधाकिशनराव पांढऱ्याफेक कपड्यांत पुढं बसलेले. जमीनवाला माणूस, अन् पुढच्या निवडणुकीवर डोळा. आबांची मेंढरं एका रांगेत, टोचलेल्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा. निम्म्याहून जास्त कळपावर पट्टा पडलेला बघून शिवकन्या सरळ डॉक्टरबाईंकडं गेली.

"डॉक्टर, सुई थांबवा," ती म्हणाली.

विजयमालाबाईंनी मान वर केली. "काय झालं?"

"खोली रात्री बंद व्हती. किती वेळ, म्हाईत न्हाई. माझ्यामुळं म्हाईत न्हाई."

राधाकिशनराव उठून आले. आवाज खाली ठेवूनच बोलले, कारण माईक जवळ होता. "तुझ्या काँप्युटरनं सांगितलं का औषध खराब हाय म्हणून?"

"न्हाई सायेब. काँप्युटर काहीच सांगंना, तेच सांगायलेय."

"आत्ता किती दाखवायलंय?"

तिनं फोन बघितला. "सहा."

"मग गारच हाय की. सकाळी पप्पूनं बटन दाबलं, जरासक बंद असंल. एवढी माणसं जमवली, तमाम गावं आलीत, अन् तू आता सुई थांबव म्हणतीस? कोणी बघितलंय का औषध उबलेलं?"

"गार राहिलेलं बी कोणी बघितलं न्हाई."

मागून एक मेंढका म्हणला, "आबा, पोरीला सांगा, आमच्या मेंढरांची बारी आली की मगच तिचा डबा बिघडतो का?" चारदोन जण हसले. आबा हसले नाहीत.

तेवढ्यात माईक खरखरला अन् बंद पडला. लाईट गेली. जराशानं परत आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पप्पू, खोली उघड. उरलेलं औषध बघू दे मला." पप्पूनं दार सताड उघडलं अन् त्याला वीट लावून ठेवली. चैताचं ऊन, माळावरचा फुफाटा सरळ आत. डॉक्टरबाई आत बाटल्या बघत बसल्या, राधाकिशनराव दारात उभे, शिवकन्या फोन हातात धरून. बराच वेळ गेला. आत घाम यायला लागला.

"आता किती?" राधाकिशनरावांनी विचारलं.

"सहा."

तिचा तिलाच आवाज लांबून आल्यागत वाटला. दार उघडं, आत फुफाटा, अन् आकडा सहा. हलंना. फोन वाजंना. तवा तिला उमगलं. सकाळी तिनं हातानं दिलेली परवानगी फर्मानानं फिरून येऊन काढून घेतलेली. घाईत ती दुरुस्ती फर्मानात लिहायची राहिलती, अन् फर्मानाच्या लेखी ती दुरुस्ती म्हणजे कोणीतरी केलेली आगळीक. मग आत्ताची लाईट गेली, डबा परत सुरू झाला, अन् पहारेकरी परत दारातच आडवा. तिचंच लिहिलेलं तिच्याच हातावर फिरलं.

"बघा सायेब," ती म्हणाली. "रात्री बी हे असंच झालं. खोली तापली असंल नसंल, हे आकडा धरूनच बसलं."

डॉक्टरबाईंनी आपला हात राधाकिशनरावांपुढं धरला, घामानं ओला. मग बर्फाच्या पेटीचं झाकण लावलं. "हे औषध मी टोचणार नाही," एवढंच म्हणाल्या. "सगळं पुरून टाका."

राधाकिशनराव खुर्चीवर जाऊन बसले. शिवकन्येकडं न बघता बोलले, "पुढल्या शिबिरापत्तुर कामावर राहा. मग बघू तुझं काय करायचं ते."

माणसं मेंढरं घेऊन परत फिरली. जाताना जे बोलायचं ते बोलली. शिवकन्या आबांजवळ गेली. ते पट्टेवाली मेंढरं एका बाजूला काढत होते.

"ह्यांला लागू झालंय का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कळायला मार्ग न्हाई आबा."

"कावून झालं हे?"

"भुऱ्यावाणी केलं मी. एकाच हातचं खायला लावलं, अन् हात लांब राहिला."

आबांनी एका मेंढीच्या पाठीवरचा गेरू अंगठ्यानं चोळून बघितला. तो निघत नव्हता. "मी अडाणी, म्हणून तसलं कुत्रं पाळलं," ते म्हणाले. "तुला तर शिकवलं व्हतं." एवढं बोलून ते कळप घेऊन चालायला लागले.

नवी लस यायला लई दिवस लागले. तोवर आबांनी कळप कुणाच्या कळपाजवळ नेला नाही, पाण्यावरबी सगळे गेल्यावर नेला. कड्याकडची कुरणं सोडली, बोडक्या माळावर मेंढरं जगवली. शिवकन्या रोज फोन करायची. एखादं मेंढरू शिंकलं असं आईनं सांगितलं की ती लगेच डॉक्टरबाईंना विचारायची. दोन कोकरं हगवणीनं गेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, साधी हगवण. शिवकन्येनं ऐकलं, पण खरं मानायला तिला जमलं नाही. रात्री डोळा लागला की तिला वाटायचं कुठंतरी एक रेघ सपाट झालीय अन् आपण तिच्याकडं बघून बरं वाटून घेतोय.

त्या दिवसांत तिनं फर्मान नव्यानं लिहिलं. फाईल बदलायचा हक्क मालकाचाच ठेवला, पण पहारेकऱ्याला वाचायची इजाजत दिली, नुसती वाचायची. रामहरीसारख्या बाकीच्यांना काहीच नाही. फर्मान सुटल्यावर पहारेकऱ्याला मुद्दाम झोपवून परत उठवायचं, म्हणजे अडायचं असलं तर तो उजेडी, माणसासमोर अडावा. नवा आकडा आला नाही तर पडद्यावर काळं. हातानं काही बदलणं तर तिनं सोडूनच दिलं. अन् एवढं करूनबी तिचा विश्वास बसेना. म्हणून तिनं एक रीत पाडली. फर्मान सुटलं की प्रत्येक गावच्या राखणदारानं तारेच्या टोकाचं बोंड मुठीत धरायचं. मुठीची ऊब लागली की फोन वाजलाच पाहिजे. वाजेपर्यंत मूठ सोडायची नाही. रामहरी पहिल्या दिवशी म्हणला, "आता तर हात बी धरायला लावायलीस." पण धरली मूठ.

दुसऱ्या शिबिराच्या सकाळी शिवकन्या मांजरसुंब्याच्या खोलीत होती. नवी लस कपाटात. बाहेर परत मंडप, परत माईक, राधाकिशनराव परत पुढं. या खेपेला माणसं कमी, अन् जी होती ती तिच्याच तोंडाकडं बघणारी. आबा पट्टेवाली मेंढरं घेऊन परत पहिले उभे. तीच मेंढरं, परत टोचायची.

"बोंड कोण धरतंय?" पप्पूनं विचारलं.

"द्या हिकडं," आबा म्हणले. काठी भिंतीला लावून आत आले. मेंढरं धरून धरून दगडागत झालेल्या मुठीत त्यांनी ते बोंड धरलं. शिवकन्या फोन हातावर ठेवून उभी राहिली. दाराची उघडझाप होते म्हणून पहारेकरी जरा वाट बघून मगच बोंबलतो, हे तिला माहीत होतं. तिनंच तसं लिहिलेलं. तरी ती आकड्यावरची नजर काढेना. आकडा चढत होता. बारा. वीस. फोन गप्प.

राधाकिशनराव दारात येऊन थांबले. मेंढक्यांनी माना आत घातल्या. 

अन् फोन वाजला. तिच्या हातात वाजला, पाठोपाठ पप्पूच्या खिशात वाजला.

डॉक्टरबाई पेटी घेऊन बाहेर निघाल्या. बाहेर पहिलं मेंढरू बेंबाटलं.

"वाजला की," आबा म्हणले. "सोडू का आता?"

शिवकन्येनं फोन बंद केला नाही. तसाच वाजू दिला.

"आजून जरा धरा आबा," ती म्हणाली.